खडपावरची जाळी

आखाती देशांचं तेल, युरोपाला लागणारा गॅस, अरुंद सामुद्रधुनीत अडकणारी जहाजं हे सगळं मी वणीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. नैसर्गिक संसाधनं, ऊर्जा आणि हवामान बदल यांचं आंतरराष्ट्रीय राजकारण असा आमचा पेपर आहे. मुलं नोट्स उतरवून घेतात, पास होतात. समुद्र मात्र मी या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

निमित्त झालं जागृतीच्या फोनचं. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती पालघर जिल्ह्यातल्या मच्छीमार घरातली, आता बोईसरच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते. म्हणाली, "गावातून गॅसची पाइपलाइन जाणाराय, समुद्राच्या बुडातून. जाडजूड इंग्रजी अहवाल आलाय आणि पुढच्या आठवड्यात पालघरला सुनावणी आहे. तुझा विषय हाच ना? ये मग."

माझ्या वडिलांनी कोळशाच्या गाड्या भरून मला शिकवलं. घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग होईल, असा निरोप एवढा सरळ मला पहिल्यांदाच आला होता. थंडी सरता सरता मी निघाले.

बोईसर

बोईसरला पहिली ओळख नाकाला झाली. वणीची हवा डोळ्यांना दिसते. कोळशाची भुकटी उंबऱ्यावर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि बोटानं पुसता येते. इथली हवा स्वच्छ दिसत होती, पण औषधाच्या दुकानात बाटली फुटावी तसा वास घशात जाऊन बसला. स्टेशनबाहेर सगळीकडे हिंदी. पाळी संपवून आलेले कामगार डबे हलवत चालले होते.

रिक्षावाला गोरखपूरकडचा होता. मी पुन्हा पुन्हा रुमाल नाकाला लावते हे पाहून म्हणाला, "मैडम, जब ये वाली बास बंद होके मछली की बास चालू हो जाए, तब समझना आपका गाँव आ गया."

झालंही तसंच. खाजणाचा पूल ओलांडला आणि एक वास संपून दुसरा सुरू झाला. माडांच्या मधून करड्या रंगाचं काहीतरी हललं. ते पाणी होतं. मी रिक्षा थांबवायला सांगितली. त्यानं थांबवली, पण मीटर नसल्यामुळे त्याचा चेहरा फार काळ प्रसन्न राहिला नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. जागृतीच्या वडिलांनी, हरेश्वरकाकांनीच सांगितलं, सगळं लिही, पण गाव लिहू नको. त्याचं कारण पुढे कळेल.

गावात

पहिल्याच जेवणात माझी फजिती झाली. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण होतं. आमच्याकडे वर्धा नदीचे मासे मिळतात, त्यांचे काटे काढता काढता जेवण थंड होतं. त्या सवयीनं मी बोंबलाचा काटा शोधायला लागले आणि अख्ख्या माशाचा ताटात लगदा केला. सुमनकाकी, म्हणजे जागृतीची आई, बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बाय, तो मासा हाय, कापूस नाय पिंजायचा. काट्यासकट खा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला किनाऱ्यावर कामाला लावलं. तिथे बांबूंचे उंच मांडव असतात, त्यांना वलांडी म्हणतात. बांबूंमध्ये दोर ताणलेले असतात आणि त्यावर बोंबील वाळत घालतात. पण नुसते टाकत नाहीत. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर सोडायची, एक अलीकडे, एक पलीकडे. काकींचे हात असे चालत की अडकवण्याची क्रिया दिसतच नसे, फक्त दोर भरत जाताना दिसे. माझ्या बोटांत बारीक दात रुतले आणि काकींनी हळद लावून दिली.

"जबडा सोडत नाय एकमेकाचा, म्हणून वाऱ्यानं पडत नाय," काकी म्हणाल्या. "नवराबायकोसारखं."

"आणि वाळतात दोघंही," जागृती म्हणाली.

काकींनी तिला एक ओला बोंबील फेकून मारला.

हसणं ओसरल्यावर माझं लक्ष मांडवाच्या मागच्या अंगाकडे गेलं. तिकडचे दोर रिकामे होते. उन्हानं पांढरे पडलेले, काही तुटून लोंबणारे. काकींचं लग्न झालं तेव्हा एवढे दोर पुरत नसत, लोक अंगणात, छपरावर मासे घालत. मग काय झालं, असं मी विचारलं. वर्गात मी याची उत्तरं मुद्द्यांनी सांगते, समुद्राचं वाढतं तापमान, मोठ्या ट्रॉलर, कारखान्यांचं पाणी. काकींनी हातातली जोडी दोरावर टाकली आणि म्हणाल्या, "पाणी बदललं."

मग त्यांनी टोपलीतली पुढची जोडी उचलली.

कव

इथे बोंबील पकडतात ते जाळं ओढत फिरून नव्हे. समुद्राच्या तळात लांब खुंट रोवतात आणि त्यांना पिशवीसारखं जाळं बांधतात. भरती-ओहोटीचा ओढा मासा आणून जाळ्यात भरतो. ही जी खुंटांची जागा, तिला कव म्हणतात. प्रत्येक घराची कव ठरलेली, आज्यापणज्यापासून चालत आलेली. तिला सातबारा नाही. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा एका ओळीत आणून जागा धरायची. देवळाचा कळस आणि एखादा माड, वीजकेंद्राची उंच चिमणी आणि तिच्या मागे दूर महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका. आता यंत्रं आली आहेत, पण काका अजून खुणाच धरतात.

आणि ही जागा कुणाला सांगायची नाही. शेजाऱ्याला नाही, सोयऱ्याला नाही, बायकोलाही नाही. बाप थकला की मुलाला एकदा होडीतून नेतो आणि दाखवतो.

"जाळं फाटलं तर मी शिवते," काकी म्हणाल्या. "मासा मी विकते. पण कव कुठं हाय ते मला आजपर्यंत नाय ठाऊक. विचारलं तर बोलतात, समुद्रात."

काका हसले. त्यांना मुलगा नाही, जागृती एकटीच. कव पुढे कुणाला दाखवणार हा प्रश्न त्या घरात होता, पण तो कुणी बोलून दाखवत नव्हतं.

मला हे नवलाचं वाटलं. आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणं होतात. जागा आपली असेल तर माणूस ती गावभर ओरडून सांगतो, दगड रोवतो, मोजणीदार आणतो. इथे आपली जागा आपली ठेवायची तर गप्प बसायचं.

गावात कुणी आग्रहच केला तर त्यावर एक ठरलेलं उत्तर आहे. "खडपावर टाकलंय जाळं." खडप म्हणजे बुडाशी खडक असलेली जागा. तिथे खुंट रोवलाच जात नाही. ऐकणाऱ्यानं समजायचं की याला सांगायचं नाही, आणि विषय बदलायचा.

अहवाल

त्या दुपारी मी ओटीवर अहवाल वाचायला बसले. परदेशातला गॅस अतिथंड करून, त्याचा द्रव बनवून जहाजानं आणायचा. खोल समुद्रात तरंगत्या तळावर उतरवायचा. तिथून पाइपनं किनाऱ्यावर, बोईसरच्या कारखान्यांना आणि पुढे. पैसा एका परदेशी बँकेचा. कोळशाऐवजी गॅस जळेल म्हणून हे कर्ज हवामान बदलाविरुद्धची मदत धरलं जाणार होतं. गॅसला त्यात संक्रमणकाळातलं इंधन म्हटलं होतं. हेच शब्द मी वर्गात फळ्यावर लिहिते.

वाचताना मी अडले ते वेगळ्याच कारणानं. ज्या कोळशाची जागा हा गॅस घेणार होता तो आमच्याकडचा. कोळसा बंद व्हायला हवा हे मला पटलेलं आहे आणि माझी फी कोळशावर भरली गेली हेही खरं आहे. वडिलांची पाठ गेली ती जगाचा धूर वाढवण्यात. आता तो धूर कमी करायला या लोकांची जागा लागणार होती. दोन्हीकडचा निर्णय आमच्यापैकी कुणी घेतला नव्हता.

शेवटी एक नकाशा होता. समुद्रावर तांबडा पट्टा, पाइपचा. गावातल्या जाळ्यांच्या जागा निळ्या ठिपक्यांनी दाखवलेल्या. ज्यांची जाळी पट्ट्यात येतात त्यांना दुसरी जागा आणि भरपाई मिळणार होती. पण पट्ट्यात एकही ठिपका नव्हता. सगळे ठिपके दक्षिणेला एका जागी, भाताच्या शितांसारखे चिकटलेले. खाली लिहिलं होतं की जागा मच्छीमारांनी स्वतः सांगितल्या आहेत.

मी काकांना नकाशा दाखवला. त्यांनी तो सरळ धरला, किनारा ओळखला, आणि हसायला लागले. "हे तर खडप हाय."

मग त्यांचं हसू थांबलं.

झालं होतं ते असं. मागच्या वर्षी काही तरुण मुलं हातात यंत्रं घेऊन घरोघर आली होती. काका, तुमचं जाळं कुठे असतं, असं प्रत्येकाला वेगवेगळं विचारून गेली. आणि प्रत्येकानं, शेजाऱ्यानं काय सांगितलं हे माहीत नसताना, एकच उत्तर दिलं होतं.

"पण काका, त्या मुलांना कसं कळणार?" मी म्हटलं.

"इथं शेंबड्या पोराला कळतं," काका म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हां. ती इथली नव्हती."

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, मग आता? मी सांगितलं, उद्याच्या सुनावणीत खरी जागा सांगता येईल. तेवढ्यासाठीच सुनावणी असते. काकी नवऱ्याकडे बघत राहिल्या. काकांनी नकाशाची घडी घातली. "सांगायला पायजे," ते म्हणाले. "सांगतो उद्या."

पालघर

कोळगावची जिल्ह्याची नवी कार्यालयं मागे टाकून आम्ही पालघरातल्या एका सभागृहात पोचलो. काकींनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते आणि प्रत्येकाला पाण्याची बाटली मिळाली. पुढे आमचं गाव बसलं. मागच्या ओळींत शेजारच्या गावची माणसं होती. त्यांच्याशी जाळ्यांवरून जुना वाद आहे. आमच्या बरोबर मागे काकांचा शेजारी नरेशभाऊ होता.

एका तरुण इंजिनिअरनं पडद्यावर चित्रं दाखवली. निळी ज्योत, पांढरं जहाज, हसणारं कुटुंब. बँकेचा माणूस परदेशातून पडद्यावर आला, त्याच्याकडे सकाळ होती. तो हवामानाच्या संकटाबद्दल कळकळीनं बोलत असताना चित्र अडकलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "बोंबील," काकी पुटपुटल्या. आमची अख्खी ओळ हसली.

जागृती उठली. आम्ही दोघींनी प्रश्न तयार केला होता. युरोपात युद्ध पेटलं तेव्हा गॅसची जहाजं जास्त भाव देणाऱ्या देशांकडे वळली, गरीब देश अंधारात राहिले. उद्या तसं झालं तर पाइप रिकामा पडून राहील. तेव्हा आमची जागा आम्हाला परत मिळेल का? अधिकाऱ्यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. प्रश्न चांगला आहे, पण आजच्या सुनावणीच्या कक्षेत येत नाही, असं म्हणाले. मला राग आला नाही. माझ्या विषयात महत्त्वाचे प्रश्न नेहमी दुसऱ्याच कुठल्यातरी कक्षेत असतात. हवामान परिषदेत प्रत्येक देश आपल्या धुराचा आकडा आपणच सांगतो, दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही आणि आधी तू म्हणून बसून राहतो. हे मी शिकवत आले होते. एका खोलीत बसून पाहिलं ते त्या दिवशी.

ज्यांना जागेत दुरुस्ती करायची आहे त्यांनी सांगावं, असं अधिकारी म्हणाले. काका उठले. हातात माईक आला. "माझी कव," ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी एकदा मागे पाहिलं. काकींनी खालून त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"चिमणी सुळक्याच्या उजव्या अंगाला धरायची," काका म्हणाले. "आणि देवळाचा कळस दोन माडांच्या मधी."

इंजिनिअरनं पडद्यावर रेघा जुळवल्या आणि नवा ठिपका ठेवला. तो पट्ट्याच्या थोडा बाहेर पडला. "काका, तुम्ही बाधित नाही," तो मनापासून आनंदून म्हणाला.

काकींनी हात जोडले. काकांनंतर आणखी काही जण उठले आणि खुणा सांगत गेले. प्रत्येकाचा ठिपका पट्ट्याच्या थोडा इकडे नाहीतर थोडा तिकडे पडला. तांबडा पट्टा शेवटपर्यंत मोकळा राहिला. मला तो योगायोग वाटला. बाहेर आल्यावर काकींनी बाजारातून पेढे घेतले आणि रस्ताभर वाटले. काकांनी आपला पेढा हातातच धरून ठेवला.

किनारा

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर होड्या परतल्या. आम्ही वलांडीपाशी होतो. नरेशभाऊची होडी वाळूला लागली आणि तो उतरता उतरताच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय हरेश्वर तांडेल, सभेतपण खडपच दाखवलंस ना? डिझेल कोण देणार माझं?"

किनारा हसला. नरेशभाऊ पहाटेच काकांनी सांगितलेल्या खुणांवर गेला होता. मागोमाग शेजारच्या गावच्या दोन होड्याही तिथेच आल्या. तिघांनी एकमेकांना ओळखलं, तळ चाचपला आणि हात हलवत परतले. तिथे काहीच नव्हतं.

"आणि तू काय सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"मी काय येडा हाय?" नरेशभाऊ म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

काकी हसल्या नाहीत. त्यांच्या हातात एक जोडी होती, जबडा जबड्यात अडकवलेली. ती त्यांनी दोरावर टाकली नाही, टोपलीत परत ठेवली. "माझ्याशी बोलला होतात, सांगतो," एवढंच म्हणाल्या आणि टोपली उचलून घराकडे निघाल्या.

काका वाळूत बसले. मी जवळ गेले तेव्हा आपणहून म्हणाले, "तोंडापर्यंत आलं होतं, बाय. मागं नरेश. त्याच्या मागं ती माणसं. बाप बोलला होता, ही जागा तोंडातून गेली की हातातून गेली. जीभ आपोआप दुसरीकडं वळली."

"खरी जागा पट्ट्यात येते का?"

त्यांनी मान हलवली. बरोब्बर मधे, असं हातानं दाखवलं.

सुनावणीनंतरही काही दिवस लेखी हरकत देता येते असं अहवालात होतं. मी वही आणली. म्हटलं, "काका, आता मला एकटीला सांगा. मी वणीची. माझ्याकडे होडी नाही, जाळं नाही, मला पोहताही येत नाही. मी फक्त अर्ज लिहिणार."

ते माझ्याकडे बघून हसले. मग समुद्राकडे तोंड केलं. दूरवर वीजकेंद्राची चिमणी उभी होती. "लिही," ते म्हणाले. "चिमणी धरायची..."

तेवढ्यात वाळूतून कुणीतरी येताना दिसलं. नरेशभाऊचा भाऊ होता, दोर मागायला येत होता. काका गप्प झाले. तो दोर घेऊन गेला तरी गप्पच राहिले. "उद्या सांगतो," शेवटी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. निघताना मी पाया पडले. काकींनी सुक्या बोंबलांची पिशवी दिली आणि काकांनी बोईसरपर्यंत रिक्षा करून दिली. जागेचं कुणीच काही बोललं नाही. वणीला आल्यावर मी अर्जाचा मसुदा करून जागृतीला पाठवला, जागेपुरती ओळ कोरी सोडून. ती ओळ कोरी असतानाच मुदत संपली.

वणी

गेल्या महिन्यात जागृतीचा फोन आला. पट्टा कायम झाला. गावातून कुणीही बाधित नाही. पाइप टाकण्याआधी तळाची पाहणी करायला एक पिवळं जहाज आलं आहे. त्याच्या आसपास होड्यांना बंदी आहे, काका घरीच असतात.

आदल्या संध्याकाळी आई आणि पप्पा वलांडीपाशी उभे होते, जागृती सांगत होती. जहाज किनाऱ्यावरून स्पष्ट दिसतं. पप्पा बराच वेळ बघत होते. मग त्यांनी आईचा हात धरून बोट समुद्राकडे केलं.

"ते जहाज उभं हाय ना," पप्पा म्हणाले, "तिथं."